दवाखाना किती तासांवर आहे?

गणेशगुडी म्हटलं की पुण्या-बेळगावच्या आणि गोव्याच्या माणसाला काळी नदीतलं राफ्टिंग आठवतं. शनिवार-रविवारी इथे बाहेरगावच्या गाड्यांची रांग लागते. वरच्या अंगाला सुपा धरण, १०१ मीटर उंच. १९८७ च्या सुमारास ते पुरं झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं, तालुक्याचं ठाणं जोयड्याला हललं आणि उठवलेल्या बऱ्याच कुटुंबांना रामनगरला वसवलं गेलं. इथल्या पाण्यावर तयार होणारी वीज कर्नाटकभर जाते. पण याच तालुक्यातल्या एखाद्या वाडीवर रात्री कळा सुरू झाल्या, किंवा पाय न उचलणाऱ्या मुलाला डॉक्टरला दाखवायचं ठरलं, की घरात पहिला प्रश्न निघतो तो गाडीचा.

गरीब बाळंतिणींसाठी आणि अपंगांसाठी गेल्या वीस वर्षांत योजना भरपूर निघाल्या, कायदेही झाले. जोयड्यासारख्या तालुक्यात त्यांतलं काय पोहोचतं, काय वाटेत राहतं आणि का, याचा हा आढावा.

माणसं थोडी, मुलूख मोठा

क्षेत्रफळाने जोयडा हा उत्तर कन्नड जिल्ह्यातला सर्वांत मोठा तालुका, सुमारे एकोणीसशे चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत त्याची वस्ती मात्र जेमतेम ५२ हजार. म्हणजे चौरस किलोमीटरमागे सत्तावीस-अठ्ठावीस माणसं. बहुतेक भाग जंगलाचा, त्यातला बराचसा काळी व्याघ्र प्रकल्पात. कुणबी, सिद्दी, धनगर-गवळी अशा लोकांच्या वाड्या चार-दहा घरांच्या, ओढ्या-टेकड्यांनी एकमेकींपासून तुटलेल्या. घरात कोकणी नाहीतर मराठी, सरकारी कागदावर कन्नड. १९५६ पर्यंत हा मुलूख मुंबई राज्यात होता, त्यामुळे सोयरिकी गोव्यात, खानापुरात आणि बेळगावात पसरलेल्या.

सरकारी आरोग्यसेवेचं गणित माणसांच्या संख्येवर बसवलेलं आहे. मैदानी भागात ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० लोकांमागे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी हेच आकडे ३०,००० आणि २०,०००. सामुदायिक आरोग्य केंद्रासाठी १,२०,००० आणि ८०,०००. सवलतीचं माप लावलं तरी जोयड्याच्या वाट्याला अडीच प्राथमिक केंद्रं येतात. एकेका केंद्राकडे सातशेहून जास्त चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षा मोठा मुलूख. सामुदायिक केंद्राच्या ८० हजारांच्या अटीत तर अख्खा तालुका बसत नाही. वरून सूट मिळून एखादं केंद्र वाढलं, तरी घाट आणि ओढे आहेत तिथेच राहतात.

ही अडचण सरकारला ठाऊक नाही असं नाही. डोंगराळ आणि वाळवंटी भागांतल्या निवडक जिल्ह्यांसाठी केंद्र सरकारनेच वेगळं माप मान्य केलं आहे: वस्तीपासून अर्ध्या तासाच्या चालीवर उपकेंद्र असावं. या मापात डोकी मोजायची नाहीत, वेळ मोजायची. जोयड्याची सारी आरोग्यसेवा याच मापाने तपासली पाहिजे, कारण इथे लोक दवाखाना नाही म्हणून जेवढे अडतात त्याहून जास्त तो फार तासांवर आहे म्हणून अडतात.

तीन उशीर

बाळंतिणीचा मृत्यू कसा घडतो हे समजावण्यासाठी सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन संशोधक बायांनी १९९४ साली एक साधी मांडणी केली. पहिला उशीर निघायचं ठरवण्यात, दुसरा पोहोचण्यात, तिसरा पोहोचल्यावर उपचार मिळण्यात. जगभरच्या माता-आरोग्याच्या कामात आजही हीच चौकट वापरतात.

पहिल्या उशिराला लोक अडाणीपणा म्हणतात, पण त्यात हिशोब असतो. नवरा गोव्यात मजुरीला, घरात सासू आणि लहान मूल, बाहेर आषाढातला पाऊस. पहिलटकरणीच्या कळा बारा-चौदा तास चालतात हे घरातल्या बायांना अनुभवाने माहीत असतं, म्हणून उजाडेपर्यंत थांबू या असं ठरतं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाळंतपण लवकर उरकतं आणि तोच अंदाज अंगाशी येतो. शिवाय जीपवाल्याचे पैसे, इस्पितळात सोबतीला कोण राहणार, गोठ्यातली गुरं कोण बघणार, हे प्रश्न असतातच.

दुसरा उशीर रस्त्यातला. १०८ ची रुग्णवाहिका कर्नाटकात २००८ पासून आहे आणि ती फुकट आहे. पण तिला बोलवायला मोबाइलला रेंज लागते, आणि जोयड्यातल्या कितीतरी वाड्यांत रेंजसाठी टेकडी चढावी लागते. गाडी आली तरी डांबरी रस्त्यापर्यंत. पुढचा रस्ता बांबूला घोंगडी बांधून केलेल्या झोळीतून, चौघांच्या खांद्यावर. बाई आडवी, गुडघे पोटाशी, झोळी उतारावर हेलकावे खाते आणि पुढच्या माणसाचा पाय चिखलात घसरला की सगळे थांबतात. ओढ्याला पाणी असेल तर ते ओसरेपर्यंत थांबायचं. घाटातल्या पावसात कधी दरडच रस्ता अडवते.

तिसरा उशीर सर्वांत कमी बोलला जातो. बाई आरोग्य केंद्रात पोहोचते आणि तिथून पुढे पाठवली जाते. सिझेरियन करायचं तर स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि रक्त अशा तिन्ही गोष्टी एकाच वेळी एका छताखाली लागतात. तिन्हीतली एक नसली तर उरलेल्या दोन असून उपयोग नाही. मग जोयड्याहून दांडेली, दांडेलीहून हुबळी, नाहीतर घाट उतरून कारवार. गणेशगुडीपासून हुबळी काय नि कारवार काय, शंभराच्या आसपास किलोमीटर. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झालेली बाई उपचाराविना साधारण दोन तासांत दगावू शकते, असं वैद्यकशास्त्र सांगतं. घाटरस्त्याने शंभर किलोमीटरला तेवढे तास सहज लागतात, आणि घड्याळ तर वाडीवरच सुरू झालेलं असतं.

योजनांनी काय दिलं

सगळं वाईटच आहे असं म्हणणं खोटं ठरेल. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आणि आशाताई आल्या, २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण आणि जाण्या-येण्याची गाडी हे सारं मोफत, हा हक्क त्यात लिहिलेला आहे. कर्नाटकात बाळ-बाळंतिणीला घरी पोचवणारी ‘नगु-मगु’ गाडी आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची मोफत तपासणी होते. धोका दिसला की कार्डावर लाल स्टिकर लागतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातली ९७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली आढळली. एका पिढीपूर्वी हा आकडा स्वप्नातही नव्हता.

पण दवाखान्यात पोहोचणं आणि सुखरूप सुटणं एक नव्हे. २०१८-२० च्या नमुना नोंदणीनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावत होत्या. कर्नाटकात ६९, महाराष्ट्रात ३३, केरळात १९. दक्षिणेतल्या पाच राज्यांत कर्नाटक शेवटचं. २०२४ च्या नोव्हेंबरात बळ्ळारीच्या सरकारी इस्पितळात झालेल्या सिझेरियननंतर पाच बाळंतिणी गेल्या, सलाइनच्या दर्जावर संशय आला आणि राज्याचं औषध नियंत्रण हादरलं. म्हणजे तिसरा उशीर रानातच होतो असं नाही. शहरातल्या वॉर्डातही हयगय जीव घेते.

दुसरी गोष्ट रक्ताची. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत कर्नाटकातल्या सुमारे ४६ टक्के गरोदर बायांना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन सातच्या खाली गेलेल्या बाईला बाळंतपणातला थोडासा रक्तस्रावही पेलत नाही. ज्या बाईला इस्पितळ तीन तासांवर आहे, तिच्या अंगात रक्त असणं म्हणजे हातात असलेली वेळ. डोंगरातल्या तालुक्यात लोहाच्या गोळ्या आणि शिरेतून दिलं जाणारं लोह यांचं मोल शहरापेक्षा जास्त आहे ते यामुळे.

योजना आखताना गृहीत धरलेली बाई मात्र रस्त्यालगत राहणारी असते. २ ऑक्टोबर २०१७ ला कर्नाटकाने ‘मातृपूर्ण’ योजना राज्यभर सुरू केली. गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत दुपारचं गरम, पुरं जेवण. कल्पना चांगली: घरी नेलेला शिधा सगळ्यांत वाटला जातो, अंगणवाडीत बाई स्वतः जेवते. पण आठव्या महिन्यातल्या बाईने एका जेवणासाठी दोन टेकड्या उतरून जायचं आणि पुन्हा चढून यायचं, तर त्या जेवणातलं किती तिच्या अंगाला लागणार? डोंगरभागात तिच्या घरी शिधा पोहोचवणं हेच शहाणपणाचं.

पैशांचंही तसंच. जननी सुरक्षेत कर्नाटकातल्या गरीब ग्रामीण बाईला सरकारी दवाखान्यात बाळंत झाल्यावर ७०० रुपये मिळतात. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्रत्येक मातेला किमान ६,००० रुपये देऊ केले. २०१७ ची मातृवंदना योजना मात्र पहिल्या बाळंतपणाला ५,००० देते, आणि दुसऱ्यांदा मुलगी झाली तरच ६,०००. दुसरा मुलगा किंवा तिसरं मूल झालं तर काही नाही. बाळंतपणात धोका जास्त असलेल्या, चार-पाच खेपा झालेल्या, वय वाढलेल्या गरीब बायाच या चाळणीतून गळतात. त्यात आधार, बँकखातं आणि नोंदणी यांतली नावाची स्पेलिंगं जुळवायची, ती तालुक्याच्या गावी जाऊन.

आधी येऊन राहणं

रात्रीचा रस्ता सुधारायला वर्षं लागतात. रात्रीचा प्रवास टाळणं मात्र लगेच जमण्यासारखं आहे. महाराष्ट्राने आदिवासी जिल्ह्यांत ‘माहेरघर’ काढलं ते याच विचाराने. आरोग्य केंद्राच्या आवारात दोन खोल्या, चूल, न्हाणी; दुर्गम पाड्यावरची बाई दिवस भरत आले की सोबतीला एका माणसाला घेऊन तिथे येऊन राहते. जेवण मिळतं आणि बुडालेल्या मजुरीपोटी काही रक्कमही. कळा सुरू झाल्या की मधे फक्त अंगण.

जिथे माहेरघर चाललं तिथे चालण्याची कारणं साधी होती. स्वयंपाक आपल्या चवीचा, सोबत सासू किंवा आई, लहान मुलाला बरोबर आणायची मुभा, बोलणं कळणारी बाई मदतीला. जिथे खोली बांधून कुलूप लावलं तिथे ते ओस पडलं. जोयड्यात हे करायचं तर जागेची निवडही तासांवरूनच व्हावी. जिथे शस्त्रक्रियेची सोय आहे किंवा जिथून तिथे तासाभरात पोहोचता येतं, अशाच ठिकाणी माहेरघर हवं. नाहीतर बाई वाडीवरून हलून दुसऱ्या अडचणीत येऊन बसते. लाल स्टिकरवाल्या बायांसाठी दांडेली किंवा थेट कारवार, बाकीच्यांसाठी तालुक्यातलं केंद्र, अशी वाटणी करता येईल.

गावची सुईण या व्यवस्थेतून पार बाहेर पडली आहे, तिलाही आत घेता येईल. कर्नाटकातल्याच सुलगित्ती नरसम्मांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, हजारो बाळंतपणं त्यांनी फुकट केली. आज सुईणीच्या हाती बाळंतपण सोपवावं असं कोणी म्हणणार नाही. पण आधी जाऊन राहा हा सल्ला तिच्या तोंडून आला तर सासू ऐकते, आणि पहिल्या उशिराची गाठ तिथेच सुटते.

उशिरा रडलेलं बाळ

माता-आरोग्य आणि अपंगत्व हे सरकारी दप्तरात दोन वेगळ्या खात्यांचे विषय आहेत, वाडीवर त्यांची मुळं एकाच वाटेवर सापडतात. बाळ जन्मल्यावर रडलं नाही तर पहिल्या मिनिटाभरात त्याला श्वास द्यावा लागतो. पिशवी आणि मास्क, एवढंच साधन. चालवायला हात शिकलेला हवा. तो नसला आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर जगलेल्या बाळाला पुढे सेरेब्रल पाल्सी, झटके किंवा मतिमंदत्व येऊ शकतं. दिवस भरण्याआधी जन्मलेलं, कमी वजनाचं बाळ, उपचार न झालेली तीव्र कावीळ यांचीही परिणती बहिरेपणात किंवा हातापायांच्या ताठरपणात होते. आईच्या वाटेवरचा उशीर बाळ जन्मभर अंगावर वागवतं. सगळं अपंगत्व असं येत नाही, अपघात, आजार आणि म्हातारपणही त्याला कारण असतात. पण टाळता येण्याजोगा वाटा इथेच आहे.

यावरचं उत्तरही मराठी मुलखातून आलं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गडचिरोलीत गावातल्याच बायांना नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्याचे निष्कर्ष आले: नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे हीच पद्धत देशाने स्वीकारली, आज आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा-सात वेळा घरी जाते आणि नंतर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत तीन-तीन महिन्यांनी. २०१३ च्या फेब्रुवारीत पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तीस प्रकारच्या दोष-आजारांची तपासणी होते, त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं.

चार महिन्यांचं बाळ मान धरत नाही, नऊ महिन्यांचं बसत नाही, टाळी वाजवली तरी वळत नाही, हे आईच्या लक्षात सर्वांत आधी येतं. आशाताईच्या वहीतही त्याची नोंद होऊ शकते. पुढची पायरी मात्र जिल्हा पातळीवरचं केंद्र, म्हणजे कारवार. मूल दोन वर्षांचं होण्याआधीचा काळ मेंदूच्या वाढीचा आणि उपचाराला सर्वांत दाद देणारा. तोच काळ ‘पावसाळा झाला की जाऊ’ म्हणण्यात निघून जातो.

फेऱ्यांचा हिशोब

बाळंतिणीला एकदाच, पण तातडीने पोहोचायचं असतं. अपंग माणसाला घाई कमी, फेऱ्या पुष्कळ. म्हणून एकाच उपायाने दोघांचं भागत नाही.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा २०१७ च्या एप्रिलपासून लागू झाला. त्यात अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. कलम २५ खेड्यातल्या अपंगांना घराजवळ मोफत उपचार, दवाखान्याच्या प्रत्येक भागात अडथळ्याविना वावर आणि तपासणीत अग्रक्रम देऊ करतं. कायदा चांगला आहे, पण त्याच्या दाराशी प्रमाणपत्र आहे. चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला आणि ‘यूडीआयडी’ हे अपंगांचं ओळखपत्र असल्याशिवाय निवृत्तिवेतन, बसपास, साधनं यांतलं बहुतेक काही हाती येत नाही.

एखाद्या वाडीवरच्या चालता न येणाऱ्या पोराचा हिशोब मांडून पाहा. अर्ज भरायला एक फेरी, तज्ज्ञांच्या तपासणीला एक, तज्ज्ञ रजेवर असला तर आणखी एक, कार्डावरची चूक सुधारायला एक, साधनाचं माप द्यायला एक, साधन आणायला एक. प्रत्येक फेरीत उचलून नेणाऱ्या माणसाची मजुरी बुडते. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत बायांना सरकारी बस मोफत आहे, अपंगांना सवलतीचा पास आहे. पण बसथांब्यापर्यंतची जीप मोफत नाही, आणि बसची पायरी गुडघ्याएवढी उंच. हे सगळं झाल्यावर फिजिओथेरपी आठवड्यातून दोनदा, वर्षानुवर्षं. ती कोणत्याही गरीब घराला शंभर किलोमीटरवर परवडणार नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग मोजले गेले, त्यांतले ६९ टक्के खेड्यांत. तज्ज्ञ आणि थेरपिस्ट बहुतेक शहरांत. हे अंतर कापायचं तर उपचारानेच प्रवास करायला हवा. तमिळनाडूने २०२१ च्या ऑगस्टपासून घरोघरी औषधं, फिजिओथेरपी आणि दुखणं हलकं करणारी परिहार सेवा पोहोचवायला सुरुवात केली आहे. त्याच्याही कितीतरी आधी, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी दाखवून दिलं होतं की शाळेची पायरी न चढलेली बाईही शिकवली तर गावाचं आरोग्य सांभाळते. मुलाचे ताठर पाय रोज कसे ताणायचे, बसवताना पाठीला आधार कसा द्यायचा, भरवताना मान कशी ठेवायची, हे आईला शिकवता येतं. थेरपिस्टने महिन्याला एकदा येऊन पाहायचं.

यासाठी माणूस शोधायलाही नको. कर्नाटकात २००७-०८ पासून ग्रामपंचायत पातळीवर ग्रामीण पुनर्वसन कार्यकर्ता नेमतात, तो स्वतः अपंग असतो. तालुक्याला त्यांच्यावर देखरेख करणारा एक असतो. कल्पना महाराष्ट्रानेही घ्यावी अशी. पण मानधन तुटपुंजं, कामाचा बहुतेक वेळ अर्ज भरण्यात आणि याद्या करण्यात जातो. ज्या वाडीवर धडधाकट माणूस दमतो तिथे या कार्यकर्त्याने कुबडीवर जायचं, तर त्याच्या प्रवासाची सोय आधी करावी लागेल.

टेबल, काटा आणि संमती

गरीब आणि अपंग अशी बाई गरोदर राहिली की दोन्ही खात्यांना ती दिसेनाशी होते. रॅम्प बांधलेला दवाखाना सरकारी नियमात बसतो. उतार बारा फूट लांबीला एक फूट चढ या मापाचा असला की झालं. पण आत तपासणीचं टेबल कमरेएवढं उंच, चढायला लोखंडी स्टूल. पोलिओ झालेली बाई त्यावर चढणार कशी? दोन आयांनी उचलून ठेवायचं, सगळ्यांच्या देखत. वजनकाटा उभं राहणाऱ्यासाठीच, मग चाकाच्या खुर्चीतल्या बाईच्या कार्डावर वजनाचा रकाना कोरा राहतो किंवा अंदाजाने भरला जातो. गरोदरपणात वजन किती वाढलं हेच तर पाहायचं असतं. बहिऱ्या बाईला ‘आता जोर लाव’ हे कसं कळवायचं, याचा विचार प्रसूतिगृहात सहसा झालेला नसतो. जोयड्यात त्यावर भाषेची भर: सिस्टर कन्नड बोलते, बाईला कोकणी-मराठी कळते, आणि बहिरी असेल तर घरच्या खुणांशिवाय काहीच नाही. सोबत आलेलीला आत घ्या, एवढ्या एका नियमाने यातलं निम्मं सुटेल.

शरीरावरचा हक्क हा याच्याही पुढचा प्रश्न. १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशयं पुण्यात शस्त्रक्रिया करून काढली गेली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गहजब झाला. सोय कोणाची आणि शरीर कोणाचं, हा वाद तिथे उघड्यावर आला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुचिता श्रीवास्तव खटल्यात सौम्य मतिमंदत्व असलेल्या स्त्रीचा मूल ठेवण्याचा निर्णय मानला. २०१६ च्या कायद्याने अपंग स्त्रीच्या स्पष्ट संमतीशिवाय तिचा गर्भपात करणं, काही अपवाद सोडता, गुन्हा ठरवलं. तरीही ‘हिला कशाला मूल’ हे वाक्य घरी आणि दवाखान्यात सारखंच सहज उच्चारलं जातं. कलम २५ मध्ये अपंग स्त्रियांच्या प्रजनन आरोग्याचा वेगळा उल्लेख आहे, तो आरोग्य केंद्राच्या प्रशिक्षणात उतरायला हवा.

हद्दींच्या मध्ये

जोयड्याचा माणूस तीन राज्यांच्या छायेत राहतो. आजारी पडला की त्याला गोव्याची वाट जवळची आणि ओळखीची वाटते. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा वारसा १८४२ पर्यंत मागे जातो, आणि सिंधुदुर्गापासून कारवारपर्यंतच्या रुग्णांचा तो आधार आहे. २०१८ च्या सुरुवातीला गोव्याने बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं. गोव्याची बाजूही समजण्यासारखी, खाटा तेवढ्याच आणि गर्दी तिप्पट. पण हद्दीपलीकडच्या गरिबाच्या हातातलं कर्नाटकाचं आरोग्यकार्ड तिथे पुरेसं पडत नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं, कर्नाटकाने हरकत घेतली आणि आजाराचा प्रश्न पुन्हा सीमावादात गेला. खरं तर दोन्ही राज्यांच्या विमा योजना शस्त्रक्रियेचं बिल भागवतात. वाडीपासून डांबरीपर्यंतची जीप कोणीच भागवत नाही.

हद्द जातीच्या दाखल्यातही आहे. २००३ साली अंमलात आलेल्या एकाच दुरुस्ती कायद्याने उत्तर कन्नडचे सिद्दी आणि गोव्याचे कुणबी अनुसूचित जमातींत आले. जोयड्याचे कुणबी बाहेरच राहिले. डोंगराच्या एका उतारावरच्या बाईला आदिवासी म्हणून मिळणाऱ्या सवलती दुसऱ्या उतारावरच्या तिच्या आतेबहिणीला नाहीत.

जिल्ह्यातली मोठी मागणी सुपरस्पेशालिटी इस्पितळाची आहे. २० जुलै २०२२ ला होन्नावरहून रुग्ण घेऊन निघालेली रुग्णवाहिका उडुपी जिल्ह्यातल्या शिरूरच्या टोलनाक्यावर उलटली, चौघांचा जीव गेला आणि जिल्हाभर लोक पेटून उठले. मागणी रास्त आहे. पण ते इस्पितळ किनाऱ्यावर झालं तर गणेशगुडीच्या माणसाचा प्रवास हुबळीऐवजी तिकडे होईल, तास फारसे घटणार नाहीत.

जंगलामुळे काही करता येत नाही, हेही अर्धसत्य. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, दूरसंचार तारा अशा सोयींसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येक ठिकाणी एक हेक्टरपर्यंत वनजमीन वापरता येते. हेक्टरी पंचाहत्तरहून जास्त झाडं तोडायची नाहीत, एवढी अट. साकव, पायवाटेची फरशी, फोनची तार याच कलमात बसतात. ग्रामसभांनी हे ठराव घेतले पाहिजेत.

काय मागायचं

नव्या योजनेची गरज फार थोडी आहे. आहेत त्याच योजना तासांच्या मापाने पुन्हा बसवल्या तर बराच पल्ला गाठता येईल. रानात पेरलेली आणखी दहा अर्धवट केंद्रं नकोत. तालुक्यात एक जागा अशी करावी की जिथे सिझेरियन आणि रक्त चोवीस तास मिळेल, आणि तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आणि भूलतज्ज्ञाला शहरापेक्षा जास्त पगार द्यावा. त्या जागेला जोडून माहेरघर. वाडीवरून डांबरीपर्यंत आणणाऱ्या स्थानिक जीपला आरोग्य खात्याने ठरलेलं भाडं द्यावं. अपंगांच्या तपासणीचा तज्ज्ञ-मेळावा वर्षातून चार वेळा ग्रामपंचायतीत भरावा आणि दाखला त्याच दिवशी हातात पडावा. आशाताई आणि पुनर्वसन कार्यकर्ता यांची यादी एकच असावी: आज धोक्याचं बाळंतपण कोणाचं, आणि उशिरा रडलेलं बाळ कोणत्या घरी.

आणि दर वर्षी ग्रामसभेत दोन आकडे वाचून दाखवावेत. या वर्षी प्रत्येक बाईला कळा सुरू झाल्यापासून डॉक्टरच्या हाती पोहोचायला किती तास लागले. आणि प्रत्येक अपंग माणसाला दाखला मिळेपर्यंत किती फेऱ्या पडल्या. आज हे दोन्ही आकडे कोणी लिहून ठेवत नाही, म्हणून त्यांचा जाब कोणाला विचारता येत नाही. ते लिहायला एक वही आणि एक पेन पुरतं. गणेशगुडीच्या पंचायतीपासून सुरुवात करायला कोणाची मंजुरीही लागणार नाही.